लाल यादीत कुणाची पोरं? गळतीचा अंदाज सांगणारं ॲप न्यायाने वागतंय का हे शाळेतच कसं तपासायचं

शाळेत, ज्युनियर कॉलेजात, इंजिनियरिंगला, सगळीकडे आता हळूहळू डॅशबोर्ड यायला लागलेत. मुलाच्या नावापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका, आणि लाल म्हणजे हे पोर शाळा सोडणार, किंवा नापास होणार, जे काय त्या सॉफ्टवेअरला विचारलं असेल ते. आंध्र प्रदेश सरकारने मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन गळतीचा अंदाज काढायचं काम २०१६-१७ च्या सुमारालाच केलं होतं, तेव्हा हे अमेरिकेतलं खूळ म्हणून सोडून देता येत नाही. पण ठिपका नेमका कुणाच्या पोरांना लागतो हे ट्रेनिंगमध्ये कुणी विचारत नाही. चहा-वडापाव होतो, पीपीटी संपते, "९० टक्के अचूक आहे" असं सांगून कंपनीची मंडळी गाडीत बसतात.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांना बसून करता येईल असंच सगळं लिहिलंय. प्रोग्रामिंग लागत नाही. एक्सेल, गेल्या वर्षीची यादी, जनरल रजिस्टर आणि एखाद-दुसरी निवांत दुपार एवढं पुरतं.

तिकडे काय झालं ते आधी थोडक्यात

अमेरिकेत हा वाद वंशावरून चालतो, कारण तिथे कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा, वस्त्या, पैसा सगळंच वेगळं राहिलंय. २०२१ मध्ये द मार्कअप या शोधपत्रकारांच्या गटाने मोठमोठ्या विद्यापीठांत वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर तपासलं तर निघालं की काही ठिकाणी वंश हा रकानाच त्यात घातलेला होता, आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर कृष्णवर्णीय मुलग्यांना "हाय रिस्क" ठरवायचं प्रमाण गोऱ्या मुलग्यांच्या ३.९ पट, मुलींमध्ये २.८ पट. मग २०२३ मध्ये त्याच लोकांनी विस्कॉन्सिन राज्याची गळतीचा इशारा देणारी यंत्रणा बघितली, सहावी ते नववीच्या मुलांसाठीची. "हे मूल वेळेत शाळा पूर्ण करणार नाही" असा इशारा तिने दिला की जवळजवळ चारात तीनदा तो चुकीचा, आणि उगाच इशारा मिळण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांत गोऱ्या मुलांपेक्षा इतकं जास्त की दोन टक्केवाऱ्यांमधला फरकच ४२ चा.

इंग्लंडचं प्रकरण तर आपल्या पालकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ऑगस्ट २०२० मध्ये कोविडमुळे ए-लेव्हलची, म्हणजे आपल्या बारावीसारखी, परीक्षा झाली नाही, म्हणून त्या शाळेचा मागच्या वर्षांचा निकाल कसा होता ते बघून ग्रेड वाटले, शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी ३९ टक्क्यांच्या आसपास खाली आले, पोरं रस्त्यावर आली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने तो प्रकार मागे घेतला. त्यात गंमत अशी की विषयाला पाच किंवा कमी मुलं असतील तर शिक्षकाचाच ग्रेड धरायचा असं होतं, आणि एवढे छोटे वर्ग असतात ते जास्त करून महागड्या खाजगी शाळांत. वंश, वर्ग, जात असला कुठलाच शब्द त्या गणितात नव्हता, तरी फायदा कुणाला व्हायचा त्याला झालाच.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात, जमात, धर्म, वाडी आणि माध्यम ठेवा, बाकी गणित तेच.

पहिलं काम: लाल ठिपक्याचं पुढे काय होतं ते विचारा

लोक थेट आकड्यांवर जातात, मी म्हणेन आधी हे. लाल लागला म्हणून गुरुजी घरी जाऊन येणार, जादा तास घेणार, आई-बाप कामासाठी बाहेर जातात त्या पोरांच्या हंगामी वसतिगृहात जागा बघणार, असं असेल तर एखादं पोर उगाच लाल झालं तरी बिघडत नाही, फार तर बाईंची एक फेरी फुकट जाते. तिथे भीती उलटी असते, खरंच शाळा सोडणारं पोर हिरव्यात लपून राहिलं तर.

पण लाल लागला म्हणून "ह्याला सायन्सला नको, आयटीआयचं बघा" असं होणार असेल, किंवा नववीच्या शेवटी पालकांना बोलावून "१७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू दे" असं सांगितलं जाणार असेल, तर उगाच लाल झालेल्या प्रत्येक पोराचं नुकसान खरं आहे. शंभर टक्के निकालाचा बोर्ड गेटवर लावायच्या नादात १७ नंबरचा फॉर्म कसा वापरला जातो हे मी शिक्षकांना सांगायची गरज नाही. आजवर ते काम सरांच्या अंदाजाने व्हायचं, आता त्याला कॉम्प्युटरचा शिक्का मिळेल, आणि पालक कॉम्प्युटरशी भांडत नाही.

म्हणून कंपनीकडून किंवा वरच्या ऑफिसकडून एक ओळ लेखी घ्या: यादी कशासाठी वापरायची आणि कशासाठी वापरायची नाही. ही ओळ मिळत नसेल तर पुढची तपासणी तर कराच, पण यादी वर्गशिक्षकांपर्यंत जाऊ देऊ नका.

दुसरं काम: रकाने मागा

सॉफ्टवेअर कुठकुठल्या माहितीवरून ठरवतं त्याची यादी मागायची. "ते आमचं सिक्रेट आहे" असं उत्तर येईल. फॉर्म्युला सिक्रेट असेल हो, पण आमच्या मुलांची कुठली माहिती आत जाते हे कसलं सिक्रेट, ती आम्हीच तर भरून दिली.

यादी आली की दुसरी हमी येते, "आम्ही जात वापरतच नाही". ठीक. आता कोकणातलं गाव डोळ्यासमोर आणा. मधली वाडी, कुळवाडी, भंडारवाडा, बौद्धवाडी, कोळीवाडा, मोहल्ला, वर डोंगरात धनगरवाडा, गावाच्या कडेला कातकरवाडी. वाडी कळली की जात कळली, फॉर्मवर विचारायची गरजच नाही. राज्य सरकारने २०२० मध्ये वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला ते चांगलंच झालं, पण नाव समतानगर झालं म्हणून धनगरवाड्याचं शाळेपासूनचं अंतर कमी झालं नाही, आणि सॉफ्टवेअर नाव वाचतच नाही, ते अंतर वाचतं. तसंच उर्दू माध्यम, आधारवरचं नाव न जुळणं, पहिलीत उशिरा दाखल झालेलं वय, शिष्यवृत्तीचा प्रकार. यातला एकेक रकाना निरागस दिसतो, पण चार एकत्र आले की मुलाची जमात सांगून मोकळे होतात.

दोन रकाने मात्र कोकणात विशेष सांभाळायचे.

एक म्हणजे "मूल दोन्ही पालकांसोबत राहतं का". बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत एका पालकाचं घर हे अडचणीचं लक्षण म्हणून धरतात आणि तेच उचलून इकडे आणलं जातं. इथे निम्मा गाव चाकरमानी! बाप भांडुपला नाहीतर नालासोपाऱ्याला, गणपतीला आणि शिमग्याला येणार, पैसे महिन्याला येणार, घरात आई, आजी, आजोबा, आणि पोरगं दहावीला नव्वद टक्के. त्याच्या नावापुढे "वडील घरी नाहीत" म्हणून जोखमीचा गुण चढतो. आणि जिथे आई-बाप दोघं सोबतच आहेत, पण सगळं घरच दिवाळीनंतर वीटभट्टीवर चाललंय, त्या कातकरी पोराला त्याच रकान्यात चांगला गुण मिळतो, कारण "दोन्ही पालकांसोबत राहतं" हे खरंच आहे ना! म्हणजे हा रकाना इथे नुसता कच्चा नाही, पार उलटा चालतो.

दुसरा रकाना हजेरीचा. जुलैचं हजेरीपत्रक काढून बघा, खरंच काढा. वरच्या वाडीच्या चार-पाच पोरांच्या ओळीत एकाच तारखेपासून गैरहजेरी सुरू होते आणि एकाच तारखेला संपते, त्यात दोन भावंडं वेगवेगळ्या वर्गातली, तरी तारखा त्याच. पोरं आजारी नव्हती आणि कंटाळलेलीही नव्हती, पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलं होतं आणि साकवावरून, म्हणजे त्यावरच्या छोट्या पुलावरून, जायची सोय नव्हती. सॉफ्टवेअरला हे दिसतं ते "सलग गैरहजर" म्हणून, आणि सलग गैरहजेरी हा जवळजवळ सगळ्याच अशा यंत्रणांचा लाडका रकाना. कोळीवाड्यात हेच उलट्या महिन्यांत, जून-जुलैला मासेमारी बंद म्हणून पोरं वर्गात, नारळी पौर्णिमा होऊन होड्या सुटल्या की मोठी पोरं बंदरावर. तेव्हा नुसता दिवसांचा टक्का न देता गैरहजेरीचं कारण नोंदवायला एक रकाना मागा: पाणी, स्थलांतर, आजार, काम, इतर. पाच पर्याय पुरे.

तिसरं काम: "सोडली" म्हणजे काय धरलंय

सॉफ्टवेअर जुन्या नोंदींवरून शिकतं. जुन्या नोंदीत "शाळा सोडली" असं कुणाला म्हटलं होतं यावर सगळं उभं. आणि खरं सांगायचं तर आपल्या नोंदी कशा असतात हे आपल्यालाच माहीत. भट्टीवर गेलेलं पोर कुठल्या शाळेत पटावर तसंच राहतं, कुठे त्याचं नाव कमी होतं, कुठे शिक्षण हमी कार्ड (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) देऊन पाठवलं म्हणून ते शिकतंय असं धरतात, तिकडे पोचून शाळेत गेलं की नाही कुणी बघितलं? आंबा बागेतल्या नेपाळी राखणदाराची मुलगी हंगामापुरती येते, मे-जूनला जाते, दाखला मागायला कुणी येत नाही, ती गळती की बदली? विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर विद्यार्थी दुसऱ्या शाळेने ओढून घेतला नाही तर तो लटकत राहतो, आणि लटकलेला म्हणजे गळती असं सॉफ्टवेअरने धरलं असेल तर फटका नेमका फिरत्या कुटुंबांना.

उलट बाजूनेही बघा. कोकण बोर्डाचा दहावीचा निकाल राज्यात कायम वरचा, २०२४ ला ९९.०१ टक्के. छान वाटतं, पण त्या टक्केवारीत दहावीपर्यंत पोचलेलीच पोरं आहेत. सहावीतच शाळा सुटलेला कातकरी मुलगा त्या भागाकारात वरही नाही, खालीही नाही. म्हणून "दहावी पास होईल का" यावर शिकवलेलं सॉफ्टवेअर त्याच्याबद्दल काहीच शिकलेलं नसतं.

आणि जिथे हजारात दहाच नापास होतात तिथे नापासांचा अंदाज काढणं हाच मुळात आतबट्ट्याचा धंदा. हिशोब करा. हजार पोरं, दहा नापास होणारी. सॉफ्टवेअर भारी आहे, दहातली नऊ पकडतं आणि पास होणाऱ्यांतल्याही ९० टक्क्यांना बरोबर हिरवं दाखवतं. तरी पास होणाऱ्या ९९० मधले ९९ लाल झाले. एकूण लाल १०८, त्यात खरे ९. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा रोज लावून ठेवला तर आठवड्यात कुणी त्याच्याकडे मान वर करून बघत नाही, तसंच होणार.

अजून एक, कुठल्या वर्षांच्या डेटावर शिकवलंय ते विचाराच. २०२१ ची दहावी झालीच नाही, राज्याचा निकाल ९९.९५ टक्के आणि कोकणाचा १०० टक्के लागला होता. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, त्याआधी ढकलत होतो. ही वर्षं एकत्र कालवून काढलेल्या अंदाजाला काय अर्थ, तुम्हीच सांगा.

चौथं काम: एक्सेलची तपासणी, हेच मुख्य

गेल्या वर्षी जूनमध्ये दिलेली यादी घ्या, आत्ताची नको. त्या मुलांचं वर्षभरात काय झालं ते जनरल रजिस्टर, हजेरी आणि प्रत्यक्ष चौकशी करून भरा. पोर्टलवरून भरू नका, नाहीतर वरचाच घोळ परत आत. चार रकाने: नावाऐवजी नंबर, गट, जूनचा रंग, खरं काय झालं.

गट कसे पाडायचे? जात प्रवर्ग, वाडी, मुलगा-मुलगी, माध्यम, सगळ्यांनी एकदा एकदा करून बघा. इथे लोक बिचकतात, "जातीचा विषय कशाला काढता सर". अहो, काढला नाही तर तपासणार कशावर. जातीचा रकाना अंदाज काढायला वापरणं वेगळं आणि अंदाज कुणावर उलटतोय हे बघायला वापरणं वेगळं. ही यादी मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवरच राहू द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, एवढं पथ्य पुरे.

आता एक मांडून दाखवतो, आकडे समजावण्यापुरते मनाने घेतलेत, आणि पिवळा सोपं जावं म्हणून हिरव्यातच धरलाय. एका केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडच्या, शाळा मिळून ३६० मुलं. गावठाणातल्या वाड्यांची ३००, धनगरवाडा आणि कातकरवाडी मिळून ६०, या दोन्हींना पुढे "वरच्या वाड्या" म्हणतो.

गावठाण: लाल ३०, त्यातली खरंच शाळा सुटलेली १२. हिरव्यात असूनही सुटलेली ३. म्हणजे एकूण सुटली १५, टिकली २८५.

वरच्या वाड्या: लाल २०, त्यातली सुटलेली ८. हिरव्यात असून सुटलेली ४. एकूण सुटली १२, टिकली ४८.

आधी कंपनीचा आकडा काढू. बरोबर किती सांगितले? गावठाणात लाल असून सुटलेली १२ आणि हिरवी असून टिकलेली २६७, वरच्या वाड्यांत तशीच ८ आणि ३६, मिळून ३२३. भागिले ३६०, जवळजवळ ९० टक्के. पीपीटीतला आकडा खरा निघाला! पण थांबा, सॉफ्टवेअर न घेता "कुणीच शाळा सोडणार नाही" एवढं बोलून घरी गेला असतात तर ३६० पैकी ३३३ बरोबर, म्हणजे साडेब्याण्णव टक्के. फुकटात. अचूकतेचा एकच आकडा कुणी तोंडावर मारला की हा हिशोब करून दाखवायचा, खोलीत शांतता होते.

मग खरे दोन आकडे. पहिला, उगाच लाल: जी टिकली त्यातली किती लाल होती. गावठाणात २८५ पैकी १८, म्हणजे सहा टक्के. वरच्या वाड्यांत ४८ पैकी १२, म्हणजे २५ टक्के. वरच्या वाडीचं शाळेत टिकलेलं दर चौथं पोर वर्षभर "हे जाणार" असा शिक्का घेऊन बसलं होतं. दुसरा, निसटलेली: जी सुटली त्यातली किती हिरवी होती. गावठाणात १५ पैकी ३, म्हणजे २० टक्के. वर १२ पैकी ४, म्हणजे ३३. तर ज्यांच्यावर उगाच शिक्का जास्त, त्यांच्यातलीच निसटतातही जास्त. दोन्हीकडून मार.

एवढं झालं की लाल झालेली पण टिकलेली ती १२ पोरं एकेक करून काढा आणि त्यांच्या गुरुजींना विचारा, ही लाल का झाली असतील. आकडा चूक कुठे आहे ते सांगतो, का आहे ते गुरुजी सांगतात. साकव, वडील मुंबईला, आधारचं नाव, यातलंच काहीतरी निघेल, आणि तेच दुरुस्तीचं पत्र लिहायला लागतं.

छोट्या शाळेचं काय

द्विशिक्षकी शाळेत कातकरी पोरं चार. त्यात एक उगाच लाल झालं तर २५ टक्के, दोन झाली तर ५०, ह्याला काही अर्थ नाही. अशा वेळी केंद्रातल्या सगळ्या शाळा एकत्र घ्या, तरी कमी पडली तर तीन वर्षं एकत्र. गटात तीसेक मुलं होत नाहीत तोवर टक्केवारी बोलू नका, सरळ "सहापैकी तीन" असं लिहा. पण आकडा छोटा म्हणून तो गट तपासणीतून वगळायचा हे मात्र नाही चालणार, कारण राज्यभराच्या डेटातही हे गट छोटेच असतात आणि म्हणूनच सॉफ्टवेअर त्यांच्याबाबतीत सगळ्यात कच्चं असतं.

कंपनी काय म्हणेल, आणि त्यांचंही थोडं बरोबर आहे

ते म्हणतील, बघा, लाल म्हटलेल्यांपैकी गावठाणात ३० पैकी १२ सुटली, ४० टक्के. वरच्या वाड्यांत २० पैकी ८, तेही ४०. लाल म्हणजे दोन्हीकडे सारखंच, मग अन्याय कसला?

हे खोटं नाही. वरच्या उदाहरणात आकडे मी मुद्दाम तसे जुळवलेत. अमेरिकेत जामीन देण्याच्या सॉफ्टवेअरवरून २०१६ मध्ये हाच वाद पेटला होता, आणि त्यानंतर क्लाइनबर्ग, मुल्लैनाथन, राघवन यांनी, आणि वेगळं काम करून शुल्डेकोव्हा यांनी, गणिताने दाखवून दिलं की दोन गटांतलं मूळ प्रमाणच वेगळं असेल आणि अंदाज शंभर टक्के अचूक नसेल तर "लालचा अर्थ सारखा" आणि "चुका सारख्या" या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. सॉफ्टवेअर बदलून, मशीन महागडं घेऊन, कशानेही नाही. वरच्या वाड्यांत गळती २० टक्के आणि गावठाणात ५, तोवर हे असंच राहणार.

म्हणून निवड माणसांनीच करायची, आणि ती निवड पहिल्या कामातल्या त्या लेखी ओळीवरून करायची. यादी मदतीसाठी असेल तर निसटलेल्यांचं प्रमाण सगळ्या गटांत सारखं आणि कमी पाहिजे असा आग्रह धरा, उगाच लाल थोडी वाढली तर वाढू देत. यादीवरून एखादी गोष्ट नाकारली जाणार असेल तर उगाच लालचं प्रमाण सारखं मागा. आणि दोन्हीसाठी एकच यादी वापरतो म्हणाले तर नाही म्हणा, सरळ.

मग दुरुस्ती काय मागायची

कोकणात उलटे चालणारे रकाने काढायला लावा, हे सगळ्यात सोपं. लाल ठरवायची रेघ गटागटाने वेगळी ठेवता येते, तेही मागता येतं. इथे काही लोकांना वाटतं जातीचा रकाना पूर्ण पुसला की न्याय झाला, पण २०१८ मध्ये क्लाइनबर्ग आणि इतरांनी अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या डेटावर दाखवलं की वंशाची माहिती अंदाजात धरली तर अंदाजही सुधारतो आणि कृष्णवर्णीय मुलांची निवडही वाढवता येते. कारण तीच हजेरी, तेच मार्क वेगवेगळ्या परिस्थितीतल्या पोरांबाबत वेगवेगळं सांगतात. डोंगर उतरून येणाऱ्या मुलीची ७० टक्के हजेरी आणि शाळेला लागून घर असलेल्या मुलाची ७० टक्के हजेरी एक कशी धरायची?

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर बऱ्याच ठिकाणी मुलागणिक ठिपक्याची गरजच नाही. विस्कॉन्सिनच्या त्याच यंत्रणेचा दशकभराचा डेटा काही संशोधकांनी तपासून २०२३ मध्ये लिहिलं की अंदाज बऱ्यापैकी अचूक असूनही त्याने मुलं शाळा पूर्ण करायचं प्रमाण वाढलं असा पुरावा सापडत नाही, आणि कुठल्या शाळेला, कुठल्या भागाला मदत लागते हे नुसत्या शाळेच्या पातळीवरच्या माहितीवरूनही तेवढंच कळतं. आपल्याकडे भाषांतर करायचं तर: कातकरवाडीतल्या कुठल्या पोराची शक्यता ०.६२ आहे आणि कुठल्याची ०.५८ हे शोधण्यात पैसे घालू नका, सगळी वाडी दिवाळीनंतर भट्टीला जाते हे शाळाबाह्य पोरांकडे लक्ष ठेवणाऱ्या बालरक्षक शिक्षकाला माहीत आहे, हंगामी वसतिगृह दिवाळीच्या आधी सुरू करा. साकवाला कठडा बांधा. दोन किलोमीटरवरच्या वाडीला गाडी द्या. याला सॉफ्टवेअर लागत नाही, तालुक्याला पत्र लागतं.

कागदपत्रं

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक लागतात, आणि वंचित गटांच्या पालकांना प्रमाणात जागा. तेव्हा यादी वापरायला सुरुवात करण्याआधी समितीच्या सभेत विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहून ठेवा: यादी कशासाठी, कोण बघणार, चूक वाटली तर पालकांनी कुणाला सांगायचं. वरच्या वाडीतले पालक सभेला येत नाहीत ही तक्रार असते, सभा सकाळी अकराला ठेवली तर कसे येतील, कामावर असतात ते. संध्याकाळी वाडीतच घ्या.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, कलम ९ मध्ये, १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. २०२५ मध्ये आलेल्या नियमांत शाळांना यातून सूट आहे, पण ती शिक्षणाच्या आणि सुरक्षेच्या कामापुरतीच. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. तरी कंपनीला आत्ताच विचारून ठेवा की आमच्या पोरांची माहिती तुम्ही दुसऱ्या कुठल्या कामाला वापरता का, विशेषतः क्लासेसच्या जाहिरातींना.

सरकारी यंत्रणेतून आलेली यादी असेल आणि तोंडी काही कळत नसेल तर माहितीचा अधिकार. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. "अल्गोरिदम द्या" असं लिहू नका, परत येईल. असं लिहा:

"विद्यार्थी गळतीचा अंदाज वर्तवण्यासाठी वापरात असलेल्या प्रणालीबाबत पुढील माहिती मिळावी. १) प्रणालीत भरल्या जाणाऱ्या रकान्यांची यादी. २) यादीचा वापर कशासाठी करावा याबाबतचं परिपत्रक किंवा पत्र. ३) मागील दोन वर्षांत तालुक्यात 'लाल' ठरवलेल्या विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि त्यापैकी वर्षअखेर शाळेत असलेल्यांची प्रवर्गनिहाय संख्या. ४) प्रणालीच्या अचूकतेची तपासणी झाली असल्यास अहवालाची प्रत."

फक्त संख्या मागायच्या, नावं अजिबात नाहीत. नावं मागितली की वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा अर्ज फेटाळायला कारण मिळतं, आणि तसंही दुसऱ्याच्या पोरांची नावं आपल्याला करायचीत काय. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं आलं तर ते पत्र जपून ठेवा, कारण त्याचा अर्थ यादी वापरताहेत पण ती कुणावर चुकतेय हे कुणी मोजलेलंच नाही, आणि पुढच्या सभेत केंद्रप्रमुखांसमोर तेच ठेवायचं, सोबत तुमचं एक्सेल.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी आटपा. नंतर वाडी रिकामी झाली की "खरं काय झालं" हा रकाना भरायला सांगणारं कुणी राहत नाही.